पंधरा मतं

वहीच्या शेवटच्या पानावर मी पंधरा नावं लिहून काढली होती. बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी.च्या नऊ वर्गांचे नऊ प्रतिनिधी. खेळ, एन.सी.सी., एन.एस.एस. आणि सांस्कृतिक विभागाचा एकेक. शिवाय प्राचार्यांनी नेमलेल्या दोन मुली. कॉलेजात सुमारे अठराशे पोरं-पोरी शिकत होती आणि यू.आर. कोण होणार ते हे पंधरा जण ठरवणार होते. त्यात एक नाव माझं, म्हणजे मागायची मतं चौदाच.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं कॉलेज, साल २००७. मी बी.एस्सी. भाग तीनला होते. भाग दोनला वर्गात पहिली आले म्हणून सी.आर., म्हणजे वर्ग प्रतिनिधी, झाले. तेव्हाची पद्धतच तशी होती. त्याआधी कॉलेजच्या निवडणुकांत मारामाऱ्या होत. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढं १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट मतदान काढून टाकलं आणि गुणांवर वर्ग प्रतिनिधी नेमायला सुरुवात केली. या नेमलेल्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा. कायद्यातला हा सचिव म्हणजे आमच्याकडचा यू.आर., विद्यापीठ प्रतिनिधी.

मी उभी राहिले ती एस.टी.च्या पासापायी. विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, पण त्यासाठी तेव्हा कॉलेजचा दाखला, सही, शिक्का आणि मग स्टँडवरच्या खिडकीपुढची रांग. आमच्या वाडीच्या मुली महिन्याच्या सुरुवातीला दोन-दोन दिवस तास बुडवून त्या रांगेत उभ्या राहायच्या. एस.टी.चा माणूस महिन्यातून एक दिवस कॉलेजात बसवला तर हे सगळं टळणार होतं. एवढं एक काम करून घ्यायचं माझ्या मनात होतं आणि ते होण्यासारखं आहे याची मला खात्री होती.

मत मागणं मात्र शिकावं लागलं. पहिल्या दिवशी मी बी.ए. भाग एकच्या सी.आर.जवळ लायब्ररीत अर्धा तास बसले. अभ्यास, गाव, भाऊ-बहीण असं सगळं बोलून झालं आणि मताचं न बोलताच उठले. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. माणसाकडं काही मागताना जीभ जड होते, त्यातून ‘मला निवडून द्या’ हे आपल्याच तोंडानं म्हणायचं! तिसऱ्या दिवशी ठरवलं की पहिलंच वाक्य ते असेल: ‘मी यू.आर.ला उभी आहे, तुझं मत मला हवंय, का ते सांगते.’ त्यानंतर बोलणं सोपं झालं. समोरचाही मोकळा होऊन विचारायचा, ‘यू.आर. करतो काय पण?’ वर्गात पहिली आलेली ही मुलं. प्राचार्यांनी यादी लावली म्हणून ती प्रतिनिधी झालेली, त्यातल्या निम्म्यांना विद्यार्थी मंडळ म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला मी ते पहिल्यापासून सांगायचे. चौदा माणसांत दहा दिवस गेले आणि ते दिवस मला अजून मोलाचे वाटतात.

सांगता सांगता एक गोष्ट ध्यानात आली. पंधरा जणांपैकी एस.टी.नं येणारे आम्ही तिघंच होतो. बाकीचे गावातले, नाहीतर होस्टेलचे, नाहीतर गाडीवर येणारे. पासाचं बोलणं ते मन लावून ऐकायचे, मान डोलवायचे, पण तो त्रास त्यांचा नव्हता. ज्यांचा होता त्या मुली रांगेत उभ्या होत्या आणि त्यांना मत नव्हतं.

मतदानाच्या दोन दिवस आधी चार सी.आर. वर्गात दिसेनात. ‘पोरं उचलली,’ कॅन्टीनवाले काका म्हणाले. समोरच्या उमेदवारानं त्यांना सुमोत घालून गणपतीपुळ्याला नेलं होतं. मतदानाच्या वेळेला थेट प्राचार्यांच्या केबिनपाशीच उतरवणार. जोरजबरदस्ती नव्हती, समुद्र, जेवण, मजा. थोड्या मतांच्या निवडणुकीत हे जमतं. अठराशे जणांना कुणी सुमोत घालून नेऊ शकत नाही.

मुलींना असं रात्रीचं नेता येत नाही, तेव्हा त्यांची मतं शाबूत आहेत असा माझा हिशोब होता. तो चुकला. मुलींसाठी फोन घरी गेले. बी.कॉम. भाग दोनच्या मुलीनं मला पहिल्याच दिवशी शब्द दिला होता. आदल्या संध्याकाळी ती सायकल स्टँडपाशी आली. ‘ताई, पप्पांना कारखान्यावरनं फोन आला होता,’ म्हणाली. ‘यंदा ऊस वेळेवर तुटायला पाहिजे आमचा.’ पुढं ती काही बोलली नाही, मीही नाही. तोड लांबली की उसाचं वजन घटतं. दीड एकरातल्या त्या वजनावर तिची पुढच्या वर्षाची फी होती.

केबिनमध्ये पंधरा चिठ्ठ्या, पत्र्याचा एक डबा, दोन सर. सगळं वीस मिनिटांत उरकलं. नऊ विरुद्ध सहा. चिठ्ठीवर नुसती खूण असते, तरी कोणती खूण कुणाची ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं. गुप्त मतदानाला मतदारही पुरेसे असावे लागतात. त्या मुलीशी मी त्यानंतर वर्षभर तशीच बोलत राहिले. तिनं मत कुणाला दिलं ते कधी विचारलं नाही.

पुढं मी शिक्षिका झाले, दुसऱ्या कॉलेजात. २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यानं थेट मतदान परत आणलं. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि आरक्षित गटाचा एक प्रतिनिधी अशा चार जागांसाठी आता प्रत्येक विद्यार्थ्याला मत. २०१९ साली निवडणुका होणार म्हणून तयारी सुरू झाली. मतदार यादी तपासायचं काम मी मागून घेतलं. विद्यार्थी निवडणुकांसाठीचे लिंगडोह समितीचे नियम पोरांना समजावून सांगितले: खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टर चालत नाही, हातानं लिहिलेलं चालतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी रोज येऊन बसायची. ‘मॅडम, पोस्टरवर एस.टी.चा प्रश्न लिहिला तर चालेल का?’ तिनं विचारलं. संध्याकाळच्या गाडीचं होतं तिचं. प्रॅक्टिकल सुटायच्या आत गाडी निघून जायची आणि तिच्या मैत्रिणी अडकायच्या. चालेल म्हटलं. तिनं कार्डशीट आणली, स्केचपेननं अक्षरं गिरवली, मैत्रिणींना वर्गावर्गांत काय बोलायचं ते वाटून दिलं.

विधानसभेची निवडणूक लागली आणि कॉलेजच्या निवडणुका पुढं ढकलल्या गेल्या. मग कोरोना आला. ती मुलगी २०२० मध्ये बी.ए. होऊन गेली. अर्ज भरायचा राहिला तो राहिलाच.