फेकण्याआधी एकदा उघडून पाहा

मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. जोहरनंतर जरा डोळा लागतो न लागतो तोच आतल्या खोलीतून पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू झाली. मुलाचा प्लेस्टेशन ४ होता तो. दोन वर्षांची ईदी साठवून त्याने तो जुना विकत घेतला होता. दहा मिनिटांत पडद्यावर मशीन फार तापल्याचा इशारा आला आणि सगळे बंद पडले.

शहरातल्या एका दुकानदाराने न उघडताच निकाल दिला, "बोर्ड गेलाय. सुट्या भागांच्या भावात देऊन टाका." पोराचा चेहरा उतरला. खरे सांगतो, मला मनातून बरेच वाटले. खेळ सुटला, आता अभ्यास होईल! पण पैसे त्याचे होते. धड तपासल्याशिवाय वस्तू भंगारात घालणे हा इस्राफच.

सुट्टीला आलेला माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. तो म्हणाला, "मामू, उघडून तर पाहू." उघडले, तर पंख्यामागे धूळ आणि कापसाच्या तंतूंचा चांगला बोळा निघाला. आमच्या नरडाण्याच्या बाजूला हवेत हे दोन्ही असायचेच.

भाच्याने समजावले ते असे. आतली मुख्य चिप खेळताना खूप तापते. तिची उष्णता ओढून घ्यायला वर धातूचा भाग दाबून बसवलेला असतो आणि पंखा ती उष्णता बाहेर फेकतो. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक फटी राहतात. फटीतल्या हवेतून उष्णता नीट जात नाही, म्हणून मध्ये थर्मल पेस्ट लावतात. काही वर्षांत ती सुकते. आमची तर वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती.

काम असे झाले. आधी वायर काढून मशीन पूर्ण थंड होऊ दिले. वॉरंटी संपलेली होती. ती चालू असेल तर हात लावू नये. काही स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, त्यांना योग्य टोकाचाच पेचकस लागतो. कोणता स्क्रू कुठला, हे मुलाने कागदावर मांडून ठेवले. वीजपुरवठ्याचा डबा मात्र उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ झाडली. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. नवी पेस्ट हरभऱ्याच्या डाळीएवढी घेऊन चिपवर पातळ पसरली. जास्त थापली म्हणजे जास्त थंडावा, असे होत नाही. शेवटी स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले, म्हणजे दाब सारखा बसतो.

अल्कोहोलचे नाव ऐकताच बेगम दारात येऊन उभ्या राहिल्या. हे द्रव्य दारूतले नव्हे, पिण्याचे तर नाहीच. ते विषारी आहे आणि पेटही घेते. म्हणून खिडकी उघडी ठेवली आणि लहानांना लांब बसवले. कुणाच्या मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना जरूर विचारावे.

पंखा साफ करता करता मुलाने विचारले, "अब्बू, हे बंदच पडावं असं तुम्हाला वाटत होतं ना?"

खोटे कसे बोलणार? "हो बेटा," मी म्हणालो.

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "तसं सांगायचं ना. मी वेळ कमी केला असता."

मशीन सुरू झाले, घरघर थांबली, अल्हम्दुलिल्लाह. पण नुसत्या पेस्टने सगळे भागत नाही. हे मशीन ५ ते ३५ अंश तापमानात चालवावे, असे कंपनीच सांगते. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. पंखा खोलीतलीच हवा आत घेणार. ती तापलेली असेल तर मशीन थंड होणार कसे? म्हणून दोघांनी मिळून ठरवले: उन्हाळ्यात दुपारी खेळ बंद, इशानंतर एक तास. मशीन कपाटात कोंबायचे नाही, भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचे.

एक सावधगिरी. प्लेस्टेशन ५ मध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो. तो सांडला तर बोर्ड जळू शकतो. त्याचे बाहेरचे झाकण काढून धूळ साफ करावी, पुढचे काम जाणकारावर सोपवावे.

उष्णतेपुढे मोठमोठ्या कंपन्याही हरल्या आहेत. एक्सबॉक्स ३६० इतके बिघडू लागले की २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. पुन्हापुन्हा तापून-निवून आतले बारीक जोड तडकत होते.

आमचा खर्च पेस्टच्या छोट्या ट्यूबपुरता झाला. ट्यूबमध्ये अजून पेस्ट उरली आहे. मुलाची नजर आता खालाच्या तापणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर आहे. खाला अजून तयार नाहीत.