अल्टरनेटर बदलण्याआधी

सेल्फ मारला की बॅटरी क्षणभर शे-दोनशे अँपिअरचा प्रवाह सोडते, इंजिन सुरू होतं आणि तिचं सर्वांत कष्टाचं काम तिथे संपतं. पुढे हेडलाइट, वायपर, एसीचा ब्लोअर, पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि इंजिनाचा संगणक यांना वीज पुरवतो तो पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर. सेल्फने खाल्लेली वीजही तोच बॅटरीत परत भरतो. तरी गाडी सकाळी उठली नाही की पहिला संशय बॅटरीवर जातो, नवी बॅटरी येते, आणि आठवड्याभरात तीही रिकामी होते. उलटही घडतं. दोष अर्थिंगच्या गंजलेल्या तारेत असतो आणि चांगला चाललेला अल्टरनेटर उतरवला जातो.

हे यंत्र आतून पाहण्यासारखं आहे. मधला रोटर म्हणजे तांब्याच्या तारेचं एक वेटोळं. त्याच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी नखांचे दोन तुकडे बसवलेले असतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे. कार्बन ब्रश आणि स्लिप रिंग यांच्यामार्फत वेटोळ्यातून तीन-चार अँपिअर गेले की ही नखं आळीपाळीने उत्तर आणि दक्षिण ध्रुव होतात. रोटर फिरू लागला की भोवतीच्या स्टेटरच्या तारांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेलं तत्त्व ते हेच. ही वीज तीन फेजची एसी असते, बॅटरीला मात्र डीसी हवी, म्हणून मागच्या बाजूला निदान सहा डायोड असतात. मला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो रेग्युलेटर. इंजिन आयडलिंगला असो की हायवेवर तापलेलं, तो रोटरला मिळणारा तेवढाच लहानसा प्रवाह कमीजास्त करतो आणि बाहेर पडणाऱ्या सत्तर-ऐंशी अँपिअरना १४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो.

पूर्वीच्या फियाट आणि अँबॅसिडरमध्ये डायनामो असायचा. त्यात वीज फिरत्या आर्मेचरमध्ये तयार व्हायची आणि सगळा जड प्रवाह कार्बनमधून बाहेर काढावा लागायचा. आयडलिंगला तो फारसं काही देत नसे, म्हणून सिग्नलला उभ्या गाडीचे दिवे मंदावत. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर चित्र बदललं. १९६० च्या व्हॅलियंट गाडीत क्रायस्लरने अल्टरनेटर नेहमीचा भाग म्हणून दिला आणि हळूहळू सगळ्या जगाने तो घेतला.

डायनामो गेला, पण त्या काळातली एक परीक्षा अजून काही गॅरेजांत टिकून आहे: इंजिन चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढायचा, गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग ठीक. आजच्या गाडीला ही परीक्षा घातक आहे. विजेतला प्रत्येक झटका बॅटरी पोटात घेत असते. ती अचानक बाजूला झाली की व्होल्टेज क्षणार्धात कित्येक पटींनी उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, कधी कधी थेट इंजिनाचा संगणक जळतो. कुणी असं करू लागलं तर त्याचा हात धरावा.

साध्या मल्टिमीटरने हेच काम बिनधोक होतं. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास आकडा दिसतो. इंजिन सुरू केल्यावर तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा, आणि हेडलाइट व ब्लोअर लावल्यावरही तिथेच राहायला हवा. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय; तो बॅटरीचं पाणी उकळवून टाकील. मीटर एसीवर ठेवून अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर डायोडची शंका घ्यावी. असा डायोड रात्री उभ्या गाडीतूनही बॅटरी रिकामी करू शकतो. मात्र अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत हे व्होल्टेज संगणक ठरवतो, वेग स्थिर असताना उतरवतो आणि ब्रेक लागताना चढवतो. तिथे एकाच आकड्यावरून निकाल देऊ नये.

मुंबई-पुण्याचा पावसाळा अल्टरनेटरला फार जड जातो. संध्याकाळी दिवे, वायपर, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा सगळं एकदम चालू असतं आणि गाडी तासभर पायी चालण्याच्या वेगाने सरकत असते. मागणी पूर्ण, पण रोटर संथ, त्यामुळे अल्टरनेटर आपल्या क्षमतेच्या जेमतेम निम्मीच वीज देऊ शकतो. त्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की चिखल आत जातो. ओला, सैल पट्टा पहिल्या सेल्फला चिरचिरतो. तो आवाज ऐकून सोडून देऊ नये.

बिघडतात ते भागही मोजकेच. कार्बन झिजतात, बेअरिंग घरघरतं, एखादा डायोड जातो. तालुक्याच्या गावातला वायंडिंगवाला अल्टरनेटर खोलून कार्बन बदलतो, नवं बेअरिंग ठोकतो, चरे पडलेली स्लिप रिंग लेथवर साफ करतो. हा कारागीर टिकायला हवा, कारण स्टेटर शाबूत असताना अख्खं यंत्र भंगारात जाणं म्हणजे चांगलं तांबं आणि ग्राहकाचे पैसे दोन्ही वाया घालवणं.

तार जळली असेल किंवा कवचाला तडा गेला असेल तर मात्र अल्टरनेटर बदलावाच लागतो. तेव्हा आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची. अल्टरनेटरमागची जाड तार थेट बॅटरीहून येते, चावी काढली तरी जिवंत असते, आणि तिच्यावर टेकलेला पाना बॉडीला लागला तर ठिणग्यांचा लोळ उठतो. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा जातो त्याचा फोटो काढून ठेवावा. नवा यंत्रभाग हातात घेऊन पुलीच्या खाचा, प्लग आणि अँपिअर जुन्याशी जुळवावेत. बसवल्यावर लगेच सेल्फ मारू नये. उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर भरून घ्यावी. नाहीतर नव्या अल्टरनेटरला पहिल्याच दिवशी तासन्‌तास पूर्ण क्षमतेने राबावं लागतं आणि त्याचे डायोड तापतात. मग इंजिन सुरू करून पुन्हा मीटर लावायचा, दिवे लावून पाहायचं, आणि उतरवलेला जुना नग गॅरेजवाल्याकडून मागून घ्यायचा. वायंडिंगवाल्याला दाखवला तर तो पुढच्या वेळेसाठी उभा राहू शकतो.