फटीतली चिवळ

माण तालुक्यात अंगणातली सगळ्यात ओली जागा कोणती, असं विचारलं तर लोक मोरीचं तोंड दाखवतात, फार तर तुळशीचा कट्टा. दोन दगडांमधली फट कोणी दाखवत नाही. पण हिशेब मांडून बघा. दीड फूट लांब-रुंद दगड आणि त्यांच्यामध्ये ३ इंचांची फट, अशी मांडणी असली तर अंगणाचा साधारण पाऊण भाग दगडाखाली जातो, पाव भाग मोकळा राहतो. दगड पाणी पीत नाही, त्याच्यावर पडलेला पाऊस फटीतच उतरतो. म्हणजे १० मिलिमीटर पाऊस झाला तर फटीतल्या मातीच्या वाट्याला ३५ मिलिमीटरच्या पुढं पाणी येतं. वळवाचा हलका शिडकावा तापल्या दगडावरच वाळतो, तेवढं वजा धरायचं. तरीही, वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर असणाऱ्या तालुक्यात हा हिशेब सोडून देण्यासारखा नाही. याच जिल्ह्यात महाबळेश्वराला ५,००० मिलिमीटरच्या वर पडतो. त्यांनी खुशाल फटी बुजवाव्यात.

डोंगरउतारावर सलग समतल चर खोदताना माणच्या लोकांनी हेच केलं आहे: वरच्या कोरड्या उताराचं पाणी खालच्या अरुंद चरीत जिरवायचं. जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेचं २०१८ चं पहिलं बक्षीस याच तालुक्यातल्या टाकेवाडीला मिळालं, ते अशा कामांवर. अंगणात तोच प्रकार वितभर मापात होतो.

आमच्या नानांच्या दारात दगड बसवायला आलेल्या गवंड्याला मात्र हे काही पटत नव्हतं. सुतकी-छिन्नीनं कडा सारख्या करत तो म्हणाला, "नाना, दरज शिमिटानं भरून टाकतो की. गवात येतंय, मग किरडू बसतंय."

"गवातच आणायचंय बाबा," नाना म्हणाले. "तू फकस्त ढाळ बघ."

ढाळ बघणं हेच खरं काम होतं. सगळ्या अंगणाला एकच ढाळ दिला तर पाणी पळत गटारात जातं. इथं प्रत्येक दगड जवळच्या फटीकडं किंचित कलता हवा. पाणसळीचा बुडबुडा जरासा सरकेल इतकाच. कुरकुरत का होईना, गड्यानं ते नीट केलं. खाली मुरूम ठोकून घेतला, त्यावर वाळूचा थर, आणि फटीत चाळलेली माती, वाळू, जुनं शेणखत. ही माती दगडाच्या माथ्याच्या अर्धा इंच खाली ठेवायची. पाय दगडावर पडतो, रोपाचा गाभा वाचतो, आणि पाणी क्षणभर तुंबून मग मुरतं.

लावायचं काय, यावर घरात बरीच चर्चा झाली. परदेशी पुस्तकांतल्या चित्रांत फटीफटींतून थाइम असतो, मखमली शेवाळ असतं. आमच्याकडं एप्रिलात अनवाणी पाय टेकवत नाही असा दगड तापतो, तिथं शेवाळाचं नावच नको. रोपवाटिकेतली लॉनची चटई तर मला टँकरच्या गावात निव्वळ उद्दामपणा वाटतो. हरळी फुकट मिळते, मरता मरत नाही, आणि त्यातच तिची अडचण आहे: जमिनीखालून कांड्या सोडत ती दगडाखाली शिरते, वरूनही धावते, आणि काढायची म्हटलं तर अख्खं अंगण उखडावं लागतं. गणपतीच्या दूर्वांपुरती ती तुळशीशेजारच्या एका फटीत ठेवली आहे, चारी बाजूंनी कोंडून. पाटाकडेची जलपिंपळी पायाखाली टिकते, पण तिच्या फुलांवर मधमाश्या घोंगावतात आणि घरात रांगती पोरं आहेत. माळावरची विष्णुक्रांता सुरेख. सकाळी निळं फूल, दुपारी मिटलेलं. पण उपटून आणली की रुसते, बी पडून आपण होऊन आली तरच राहते. दोन-चार ठिकाणी आली आहे.

उरली चिवळ. घरातल्या आत्तीनं सुरुवातीलाच तिचं नाव घेतलं होतं, कोणी ऐकलं नव्हतं.

चिवळीचं देठ हातात घेऊन उन्हाकडं धरावं. दोऱ्याएवढं जाड, लालसर, आणि प्रत्येक पेराशी पांढऱ्या केसांचा झुबका. पानं तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, जाड, रसानं भरलेली. पेर मातीला टेकलं की तिथंच मुळं फुटतात. चार पाकळ्यांचं पिवळं फूल ऊन चढल्यावर उघडतं, आणि बोंड पिकलं की करंड्याचं झाकण निघावं तसा त्याचा वरचा अर्धा भाग सुटून काळं बारीक बी सांडतं. तिची थोरली बहीण घोळ पाण्याची ओढ बसली की दिवसा पानांची छिद्रं मिटून रात्री हवा आत घेते, हे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तपासून पाहिलेलं आहे. मांसल पानांच्या या घराण्याला उन्हाचं वावडं नाही.

लावणी आत्तीनं केली, हस्ताच्या पावसात. माणात मृगावर भिस्त ठेवून चालत नाही. खरा पाऊस परतीचा. बोटभर देठं तोडून दिवसभर सावलीत टाकली, संध्याकाळी फटीत आडवी ठेवून अंगठ्यानं दाबली. खड्डा नाही, आळं नाही. थंडीत ती सुकल्यासारखी दिसली, उन्हं वाढली तशी पसरली. उन्हाळ्यात तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झारीनं फटीफटींत जातं. साबणाचं पाणी आत्ती तिकडं फिरकू देत नाही. मे महिन्यात एक दगड डगमगायला लागला म्हणून पहारीनं उचकटला, तर वर पाय भाजत असताना खालचा मुरूम हाताला गार आणि दमट लागला, आणि चिवळीची पांढरी मुळं फटीतून निघून दगडाच्या पोटाखाली गेलेली.

खरा वैरी सराटा. तोही जमिनीला चिकटून पसरतो, फूलही पिवळंच, त्यामुळं नवख्याला फसवतो. पान बघावं: सराट्याचं चिंचेच्या पाल्यासारखं जोडीजोडीनं, चिवळीचं सुटं आणि गुबगुबीत. काटेरी बोंड धरायच्या आत तो मुळासकट निघाला पाहिजे, नाहीतर बी वर्षानुवर्षं पायात रुततं. हे काम पोरांकडं आहे, आणि पोरं ते मनापासून करतात, कारण चप्पल न घालता हुंदडतात तीच.

छाटणीसाठी कात्री लागत नाही. चिवळ दगडावर चढायला लागली की आत्ती परडी घेऊन बसते आणि शेंडे नखानं खुडते, बुडाची दोन पेरं ठेवून. भिंतीकडच्या फटीतली तेवढी परडीत जाते. मुगाच्या डाळीत, लसणाच्या फोडणीवर. वाटेतली, जिच्यावर पाय पडतात, ती शेळीला.