आकडा वाचणार कोण?

यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार आणि दिवसभर बसून विड्या वळणारी बाई, सोलापुरातल्या या दोघांनाही टाइप टू मधुमेह असेल तर त्यांची शुगर एकाच वेळी चढणार नाही. दवाखान्यातली तपासणी मात्र दोघांची एकच: उपाशीपोटी एकदा, जेवणानंतर दोन तासांनी एकदा. एचबीए१सी ही रक्तचाचणी दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते, पण सरासरीत चढही दडतो आणि उतारही. शिवाय लोहाच्या कमतरतेने हा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणून घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे वेळेसकट साठवून त्यांचा आलेख काढणारी ऑनलाइन सॉफ्टवेअर कामाची वाटतात.

पण नुसतं मोजल्याने शुगर उतरते का? अमेरिकेत इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचं उत्तर ‘नाही’ असं आहे. रोज बोट टोचणारे आणि न टोचणारे यांच्या एचबीए१सीमध्ये वर्षाअखेर म्हणण्यासारखा फरक नव्हता. मीटरकडून आपोआप संदेश मिळणाऱ्यांचीही तीच गत. उलट २०११ च्या एका अभ्यासात मोबाइलवरच्या सल्ल्यामागे मधुमेह-शिक्षक होते आणि डॉक्टरांकडेही अहवाल जात होता. त्या गटात एचबीए१सी वर्षभरात १.९ टक्केबिंदूंनी उतरलं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ०.७ने. ही तुलना सरळ नाही, हे खरं. दुसऱ्या अभ्यासातल्यांची शुगर मुळातच फार वाढलेली होती. माझ्या मते त्यातूनच उत्तर निघतं. ज्यांची शुगर आटोक्यात आहे त्यांना या सॉफ्टवेअरची फारशी गरज नाही. ज्यांची नाही त्यांना आहे, पण आकडा पाहून गोळी, जेवण किंवा चालणं यांपैकी काहीतरी बदलणारं कुणी असेल तरच.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचा खर्च परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण रोज टोचण्याचा अट्टहास कशाला? २०११च्याच दुसऱ्या एका चाचणीत रुग्णांनी डॉक्टरांकडे जाण्याआधी सलग तीन दिवस, दिवसातून सात वेळा तपासलं. एकवीस पट्ट्यांत जेवणाआधीचा, जेवणानंतरचा आणि झोपतानाचा नकाशा मिळाला, तोही साध्या कागदी तक्त्यावर. फायदा माफक होता: १.२ची घट, तर तक्ता नसलेल्यांत ०.९ची. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांनंतर काय होतं आणि दीड खाल्ल्यावर काय, हे अशा तक्त्यातून कळतं. इन्सुलिन घेणाऱ्यांचं गणित वेगळं. शुगर एकदम खाली जाण्याचा धोका असल्याने त्यांनी डॉक्टर सांगतील तितक्या वेळा तपासायलाच हवं.

उरतो वेळेचा प्रश्न. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असताना प्रत्येकाचा आलेख डॉक्टर पाहणार कधी? इथेच सॉफ्टवेअरचा खरा उपयोग आहे: ज्यांचे आकडे सारखे बिघडताहेत ती नावं वर आणणं, म्हणजे फोन कुणाला करायचा ते परिचारिकेला कळेल. सोलापुरात तो फोन मराठीइतकाच तेलुगू आणि कन्नडमध्येही करता यायला हवा.