कडा स्वच्छ निघाल्या, तरी?

परभणीहून पूर्णेकडे निघालेली पॅसेंजर लगेच पिंगळीला थांबते. गाडीची वाट पाहणाऱ्यांत तळहातावर तंबाखू मळणारा कुणी दिसला नाही, असा दिवस विरळा. चुना लावायचा, अंगठ्याने घोटायचं, टाळी देऊन धूळ उडवायची आणि चिमूट गालात. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण साध्या तंबाखूची पुडी टपरीवर मिळतेच. 2020 साली देशात तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 36 हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज होता.

जेवताना तिखट झोंबतं, गालात पांढरा चट्टा येतो, तोंड पुरतं उघडेनासं होतं. मग अनेकांची वाट मुंबईला वळते. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 साली सुरू झालं. इथून ते साडेपाचशे किलोमीटरवर, म्हणजे देवगिरी एक्स्प्रेसचा रात्रभराचा प्रवास. ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर भोवतीचा थोडा निरोगी भागही काढतात आणि त्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. रिपोर्टमध्ये 'मार्जिन क्लिअर' आलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तरीही काही जणांना वर्ष-दोन वर्षांत त्याच जागी गाठ येते. डोळ्याला जे दिसलं नाही, ते तिथं आधीपासून होतं का?

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्टला शेरी-अ‍ॅन नेथन आणि अरिगो डी बेनेडेट्टी यांनी नेमका हाच प्रश्न धरला. स्वच्छ ठरलेल्या कडांमध्ये त्यांनी ईआयएफ-4ई नावाचं प्रथिन शोधलं. ज्यांच्या कडांत ते वाढलेलं होतं, त्यांचा आजार उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. हे निष्कर्ष 1997 आणि 1999 साली प्रसिद्ध झाले. पेशी दिसायला निरोगी होत्या, पण आतला कारभार बिघडू लागला होता.

तो कारभार समजायला तहसीलचं रेकॉर्ड आठवा. मूळ दस्त कपाटाबाहेर येत नाही, त्याची नक्कल मिळते, आणि शिक्का नसेल तर ती नक्कल कुणी घेत नाही. पेशीतही डीएनए केंद्रकातच राहतो. त्याची नक्कल म्हणजे आरएनए, आणि तिच्या टोकाला रासायनिक शिक्का असतो. ईआयएफ-4ई हा शिक्का पाहून नक्कल पुढे सरकवणारा कारकून. त्यानंतर रायबोसोमवर प्रथिन तयार होतं. दहावीच्या पुस्तकात याला भाषांतरण म्हटलंय.

हे कारकून मोजकेच असतात. साध्या, सुटसुटीत नकला झटपट पुढे जातात. पेशीला 'वाढ, विभागून घे' असं सांगणाऱ्या नकलांचं टोक गुंतागुंतीचं असतं, त्या रांगेत मागे पडतात. हीच पेशीची शिस्त. कारकून वाढले की त्याही धडाधड सुटतात. नवी रक्तवाहिनी ओढून आणणाऱ्या प्रथिनाची नक्कल त्यांतलीच एक. प्रयोगशाळेत नुसतं ईआयएफ-4ई वाढवून निरोगी पेशी कॅन्सरच्या वळणावर जातात, हे 1990 सालीच दाखवलं गेलं होतं.

मग या कारकुनाला आवरता येईल का? प्रत्येक निरोगी पेशीलाही तो लागतो, ही मोठी अडचण. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिडे रुगेरो यांच्या गटाने 2015 साली या कारकुनाचं जनुक निम्मं केलेले उंदीर अभ्यासले. ते नीट वाढले, पण कॅन्सरला सहजी दाद देईनासे झाले. मला हा सगळ्यात आशेचा निष्कर्ष वाटतो: निरोगी शरीराचं निम्म्यावर भागतं, गाठीचं भागत नाही. मॉन्ट्रियलमध्ये कॅथरीन बोर्डन यांनी रायबाविरिन हे जुनं विषाणूरोधी औषध वापरून पाहिलं, कारण त्याची ठेवण त्या शिक्क्यासारखी आहे. 2009 च्या अहवालात रक्ताच्या कॅन्सरचा एक रुग्ण पूर्ण सावरला, दोघे अंशतः. पुढे पेशींनी औषधाला चकवण्याची वाटही काढली.

हळदीचंही सांगायला हवं, कारण वसमतची बाजारपेठ जवळच आहे. हळदीतलं कर्क्युमिन या कारकुनाला कामाला लावणाऱ्या साखळीला आळा घालतं, असं नेथन यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं. त्यावरून घरी चमचाभर हळद खाऊन उपचार टाळायचे, असा अर्थ काढू नये.

कारकुनाला आवरणारी गोळी यायची तेव्हा येवो. पिंगळीच्या माणसासाठी मला तिच्याहून कडांमधली ही खूण मोलाची वाटते. ऑपरेशननंतर पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी तपासणीला जायचं असतं. दरवेळी मजुरी बुडते, सोबतीला एक माणूस लागतो, पेरणीच्या दिवसांत तारीख हुकते. ती कुणाची हुकून चालणारच नाही, हे आज रिपोर्टवरून ठरवणं कठीण आहे. कडेच्या त्याच तुकड्याला रंग देऊन कारकुनांची गर्दी पाहण्याची चाचणी मोठ्या अभ्यासांत खरी उतरली आणि जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत पोचली, तर 'मार्जिन क्लिअर'च्या खाली आणखी एक ओळ येईल. ती वाचून डॉक्टर सांगतील, तुम्ही तीन महिन्यांनी या. आणि शेजारच्या खुर्चीतल्याला म्हणतील, तुम्ही मात्र पुढच्याच महिन्यात.