खोलीत मावणारी ट्रॅम

‘मॉडेल रेल्वे’ असं म्हटलं की हॉस्टेलवर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, “किती खर्च येतो रे?” आणि दुसरा, “पण ठेवणार कुठे?” पहिल्याचं उत्तर ज्याच्या त्याच्या खिशाप्रमाणे. दुसऱ्याचं उत्तर मात्र माझ्याकडे एका शब्दात आहे : ट्रॅम!

गेली दोन वर्षं मी ट्रॅमचे लेआउट बनवतोय. लेआउट म्हणजे रूळ, रस्ता, खांब, घरं यांसकट फळीवर उभं केलेलं छोटं जग. माझी फळी १२० बाय ४० सेंटिमीटरची आहे आणि ती कॉटखाली सरकते. ज्यांनी पुण्यात कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलंय (१९९८ साली सुरू झालं, नसेल पाहिलं तर एक रविवार सत्कारणी लावा), त्यांना असं वाटतं की या छंदाला हॉलएवढी जागा हवी. रेल्वेला हवीच. ट्रॅमला नको. का नको, ते गणिताने सांगतो. घाबरू नका, एम-थ्रीचं गणित नाही.

एचओ नावाचं माप जगभर चालतं. त्यात प्रत्येक वस्तू ८७ पटीने लहान करायची. रुळांमधलं अंतर येतं १६.५ मिमी. आपल्या रेल्वेचा एखादा जुना आयसीएफ डबा साधारण २१.३ मीटर लांब असतो, म्हणजे मॉडेलमध्ये २४५ मिमी. त्याच्या दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर सुमारे १७० मिमी. आता हा डबा १८० मिमी त्रिज्येच्या वळणावर घाला. डब्याचा मध्य वळणाच्या आत किती सरकतो, याचं ढोबळ सूत्र सोपं आहे : अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. उत्तर येतं २० मिमी. म्हणजे डब्याचं पोट शेजारच्या रुळावर! म्हणूनच रेल्वेच्या साध्या सेटमध्येही वळणाची त्रिज्या ३६० मिमीच्या आसपास ठेवतात आणि मग टेबल पुरत नाही.

चार चाकांच्या जुन्या ट्रॅमचे दोन ॲक्सल एकमेकांपासून दोन मीटरवर धरा. मॉडेलमध्ये ते झाले २३ मिमी. तेच सूत्र, तीच १८० मिमीची त्रिज्या, आणि उत्तर ०.४ मिमीसुद्धा नाही. मुळात ट्रॅम जन्मलीच गल्लीचा कोपरा वळायला. १८० मिमी म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम पंधरा-सोळा मीटर, आणि जुन्या शहरांत ट्रॅम अशी वळणं सहज घेत. म्हणजे ४० सेंटिमीटरच्या फळीवर पूर्ण वळसा बसतो आणि तो खोटाही दिसत नाही.

आणखी एक मजा. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची. तिला ८७ ने भागलं तर १९.३ मिमी येतात. पण बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ चाच. त्यामुळे त्याच्यावरची भारतीय रेल्वे जरा अरुंद पायावर उभी असते. मुंबईची आणि कोलकात्याची ट्रॅम मात्र स्टँडर्ड गेजवर, १४३५ मिमीवर धावली. भागा ८७ ने. बरोबर १६.५! तयार रुळावर हुबेहूब बसणारं आपल्याकडचं वाहन हवं असेल तर ते आगगाडी नव्हे, ट्रॅम.

आता बांधकाम. ट्रॅमच्या लेआउटमध्ये रूळ टाकणं हा भाग सोपा, खरी मेहनत रस्त्याची. रेल्वेचा रूळ खडीवर उघडा असतो, ट्रॅमचा रूळ रस्त्यात पुरलेला. चाकाची कडा (फ्लँज) जायला रुळाच्या आतल्या बाजूने खाच लागते. खऱ्या रुळात ती साधारण ४ सेंमी असते. ८७ ने भागलं तर अर्धा मिमीही होत नाही. पण मॉडेलच्या चाकांची कडा प्रमाणापेक्षा जाड असते, तिला सव्वा मिमी तरी सोडावीच लागते. इथे हुबेहूब दिसणं आणि नीट चालणं यांचं भांडण आहे, आणि चालण्याच्या बाजूने निकाल द्यायचा. जी ट्रॅम चालत नाही ते शोकेसमधलं खेळणं.

मी रस्ता असा करतो. रुळांच्या मधे आणि बाहेर जाड पुठ्ठा, वरून भिंतीची पुट्टी. पुट्टी अर्धवट ओली असतानाच चाकांची सुटी जोडी त्यावरून दहा-बारा वेळा फिरवायची, म्हणजे खाच आपोआप पडते. एक नियम कायम : रस्ता रुळाच्या माथ्यापेक्षा केसभर खालीच हवा. वर आला की चाक उचललं जातं, वीज तुटते आणि गाडी मध्येच उभी. छोट्या ट्रॅमला वीज घ्यायला चारच चाकं असतात, त्यामुळे धूळही चालत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा आठवड्याला एकदा फिरवायचा.

मोटरसाठी परदेशी तयार चॅसिस मिळतात, पण रोबोटिक्सवाल्यांकडची एन-२० गिअर मोटर चालते. ती १२ मिमी रुंद आणि चाकांच्या मधली जागा साडेचौदा मिमीच्या आत, म्हणजे जेमतेम बसते. ती लांबीच्या दिशेने ठेवून क्राउन गिअरने ॲक्सल फिरवायचा. किती आरपीएमची घ्यायची? ट्रॅमचा वेग ताशी २० किमी धरा. मॉडेलमध्ये तो सेकंदाला ६४ मिमी. चाकाचा व्यास ९ मिमी, परीघ सुमारे २८ मिमी, म्हणजे मिनिटाला १३६ फेरे. मग १५० ते २०० आरपीएमची मोटर आणा आणि वेग कमी करायला ५५५ टायमर आणि मॉस्फेटचं पीडब्ल्यूएम सर्किट करा. नुसता व्होल्टेज कमी केला तर मोटर घर्षणावर मात करू शकत नाही आणि मग एकदम उडी मारते. पीडब्ल्यूएममध्ये प्रत्येक झटका पूर्ण १२ व्होल्टचा असतो, त्यामुळे गाडी रांगतसुद्धा चालते. लॅबमध्ये हेच सर्किट आपण मार्कांसाठी करतो. इथे ते ट्रॅम हलवतं, एवढाच फरक.

शेवटचा धडा माझ्या सर्वांत आवडीचा. रुळाच्या दोन पट्ट्या म्हणजे धन आणि ऋण, अशी मॉडेलची नेहमीची पद्धत. आता रूळ फिरून स्वतःलाच येऊन मिळेल असा वळसा काढा. डावी पट्टी उजवीला भेटते आणि शॉर्ट सर्किट! रेल्वेवाले त्यासाठी वेगळे तुकडे, स्विच असा खटाटोप करतात. खऱ्या ट्रॅमला हा प्रश्नच नाही. तिची वीज (जुन्या पद्धतीत साधारण ५५० ते ६०० व्होल्ट डीसी) वरच्या तारेतून येते आणि दोन्ही रुळांतून परत जाते. दोन्ही पट्ट्या एकाच ध्रुवाच्या, मग भांडण कोणाचं? मॉडेलमध्येही वरच्या तारेत खरंच वीज सोडली की वळसा बिनधास्त घेता येतो. खांबांना मी सायकलचे जुने स्पोक वापरतो. दोन मिमीचा स्पोक म्हणजे मोजमापाने १७ सेंमीचा खांब, अगदी शोभतो. ही युक्ती पुस्तकात वाचून जेवढी कळली नसती तेवढी एक वळसा बांधून कळली.

हे झालं ‘कसं’. आता ‘काय बांधायचं’. मुंबईत घोड्यांची ट्रॅम ९ मे १८७४ ला सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ ला, दुमजली १९२० मध्ये. शेवटची ट्रॅम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. आपण सहज ‘दादर टीटी’ म्हणतो, त्यातलं टीटी म्हणजे ट्रॅम टर्मिनस. रूळ गेले, अक्षरं उरली. कोलकात्यातही २०२४ मध्ये राज्य सरकारने एक छोटा वारसा-मार्ग ठेवून बाकीची ट्रॅम बंद करण्याचं जाहीर केलं.

मी सध्या दादर टीटी बांधायला घेतलंय. गाडीची मापं फोटोवरून काढता येतात : फोटोत रूळ समोरून दिसत असतील तर त्यांच्यातलं अंतर १४३५ मिमी हे माहीतच आहे, बाकीचं त्रैराशिक. पण फोटो सगळं सांगत नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग नसतो. रूळ रस्त्याच्या मधोमध होते की कडेला, उतारू कुठे उभे राहायचे, घंटा कशी वाजायची, पावसात खाचेत पाणी साचलं की काय व्हायचं, हे फक्त पाहिलेला माणूसच सांगेल. आणि हिशेब करा : १९६४ साली जे दहा वर्षांचे होते ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. सर्किट पुढच्या सेमिस्टरलाही करता येईल, ही माणसं मात्र आपल्या टाइमटेबलप्रमाणे थांबणार नाहीत.

म्हणून मित्रांनो, आणि स्टाफमधल्या सर-मॅडमनाही, एक विनंती. सुट्टीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांपैकी कोणी मुंबईत राहिलं असेल तर त्यांच्यासमोर एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा. “ट्रॅम आठवते का?” एवढंच विचारू नका, त्याला “हो” एवढंच उत्तर येतं. “तुम्ही कुठे चढायचात ते काढून दाखवा” असं म्हणा. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. तो कागद माझ्यापर्यंत पोचवा. रूळ मी सरळ करून घेईन.