कल्पित यमुना आणि प्रत्यक्ष बाया

अध्यापनाच्या काळात आम्ही विद्यार्थ्यांस एक उपदेश वारंवार करीत आलो. तो असा की, कादंबऱ्या वाचून डोळे शिणविण्यापेक्षा थोरांची चरित्रे व आठवणी वाचाव्यात. कारण कादंबरी ती कल्पित आणि आठवणी त्या सत्य. गेल्या चातुर्मासात मुलुंड येथील आमच्या घरानजीकच्या वाचनालयातून चार जुनी पुस्तके आणून आम्ही ती लागोपाठ वाचली. त्यांपैकी एक कादंबरी, बाकीच्या तीन आठवणी. चारही पुस्तके आपल्याच घरांतील स्त्रियांविषयीची. ती मिटल्यावर, आमचा उपदेश अर्धाच खरा होता, असे कबूल करणे आम्हांस प्राप्त झाले आहे.

वस्तुतः संस्कृत शिकविणाऱ्यास हे आधीच उमगावयास हवे होते. 'कादंबरी' हा शब्द आपण बाणभट्टापासून घेतला. त्याच बाणाने 'हर्षचरित'ही लिहिले. पहिली ती कथा, दुसरी ती आख्यायिका. पहिलीचे वस्तू कल्पित, दुसरीचे घडलेले. नायकाने स्वतः सांगावी ती आख्यायिका, असाही एक भेद भामहाने केला होता. तथापि दंडीने तो मोडून काढला. सांगणारा कोण यावरून जाती वेगळ्या ठरत नाहीत, एकाच जातीची ही दोन नावे होत, असे त्याचे म्हणणे. हे मत आम्ही वर्षानुवर्षे शिकविले. त्याचा अर्थ मात्र आता साठी उलटल्यावर कळला.

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी प्रथम त्यांच्याच 'करमणूक' पत्रातून क्रमाने आली आणि १८९३ साली पुस्तकरूप झाली. ती यमुनेने स्वतः लिहिलेली हकीकत आहे, अशी तिची बतावणी. पाल्हाळ पुष्कळ आहे, आणि आजच्या वाचकास मधली प्रकरणे जड जातील, हे आम्ही लपवीत नाही. परंतु मुंबईतील त्या जोडप्याचे चार सुखाचे दिवस वाचून झाल्यावर पुढे रघुनाथरावांचा मृत्यू येतो, आणि शंकरमामंजींच्या घरात यमुनेचे बळजबरीने केशवपन होते. ती पाने एका बैठकीत वाचवत नाहीत. ज्या काळी यमुनेसारखीला स्वतः लेखणी धरणे शक्य नव्हते, त्या काळी तिशीही न गाठलेल्या एका पुरुषाने तिच्या वतीने 'मी' हा शब्द लिहिला. हे असत्य म्हणावे काय? आमच्याने आता म्हणवत नाही.

दुसरे पुस्तक रमाबाई रानडे यांचे, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', प्रसिद्धी १९१०. विवाहसमयी त्या अकरा वर्षांच्या, न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवरावांनी वडिलांच्या आग्रहास्तव कुमारिकेशी लग्न केले, म्हणून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला होता. पुस्तकात पतिभक्ती इतकी ओतप्रोत आहे की कोणास ते पतीचेच चरित्र वाटावे. व्याकरणाची खोड जात नाही म्हणून आम्ही शीर्षकाजवळ थांबलो. तेथे 'माझ्या' नाही, 'आमच्या' आहे. आम्हीही लिहिताना 'आम्ही' म्हणतो, परंतु तो लेखनाचा रिवाज. रमाबाईंचे 'आमच्या' मात्र आडोशासारखे आहे. शिकते म्हणून घरातील वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे ऐकत पुस्तक न सोडणारी मुलगी त्या आडोशामागे उभी आहे, आणि सावकाश वाचणाऱ्यास ती दिसते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने निघाली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसाराची दोन शकले झाली. पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही तोच मार्ग धरला. आमच्यासारख्या घरांत हे पुस्तक फार दिवस थोडे दबकत वाचले जाई. आम्हांस त्यातील धर्मांतरापेक्षा हास्य अधिक चकित करून गेले. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचे वर्णन वाचून आम्ही मोठ्याने हसलो, आणि हसता हसता आपल्याच घरचा ओला पंचा डोळ्यांपुढे आला. कोणास दोष न देता इतके कठोर सत्य सांगणारे दुसरे पुस्तक आम्ही वाचलेले नाही. चारांपैकी एकच विकत घ्यावयाचे असेल तर वाचकांनी हेच घ्यावे.

चौथे 'माझे पुराण', १९४४ चे. लेखिका आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. बालविधवा गोदूबाई ही पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेल्या शारदासदनातील आरंभीची विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला, आणि कर्व्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला. साल पाहावे. ज्या वर्षी कल्पित यमुना पुस्तकात मेली, त्याच वर्षी प्रत्यक्षातली एक विधवा पुन्हा संसारास लागली, आणि एक्कावन्न वर्षांनी स्वतःची हकीकत तिने स्वतःच सांगितली. 'माझे' हा शब्द येथे प्रथमच उघड शीर्षकात येतो. सांताक्रूझ-जुहू येथे ज्या महिला विद्यापीठाच्या आवारावरून आपण जातो, ते कर्व्यांनी १९१६ साली स्थापिले. महर्षींचे 'आत्मवृत्त' (१९१५) वाचणारास संस्था दिसते. ती उभी राहत असताना घरातील डबे कसे रिकामे होत, हे 'माझे पुराण' सांगते. लेखन ओबडधोबड आहे, पण एक वाक्यही उसने नाही.

हे पुस्तक आमच्या सौभाग्यवतींनीही वाचले. मिटून ठेवताना त्या म्हणाल्या, "तुमच्या आत्याआजींचे लग्न कोठे झाले होते हो? सासर कोणते?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. आजोबांची ही धाकटी बहीण लहानपणीच माहेरी परत आलेली. आमच्या बालपणी ती लाल अलवणात माजघरात बसून चातुर्मासाच्या लक्ष वाती वळी, आणि कापूस पिंजून देण्याचे काम आमचे असे. हरिविजय व पांडवप्रताप ती स्वतः वाचून आम्हांस ऐकवी. म्हणजे तिला अक्षर येत होते. एकदा तिने आमच्या जुन्या वहीतील कोरी पाने मागितली. हिशेबासाठी हवी असतील, असे समजून आम्ही दोनच पाने फाडून दिली. त्यांवर तिने काय लिहिले, हे आम्ही विचारले नाही. ती गेल्यावर पेटी कोणी उघडली, तेही ठाऊक नाही. कृष्णाच्या आणि पांडवांच्या सर्व कथा आम्हांस तिच्या तोंडून पाठ झाल्या. तिची एक कथा आम्हांस ठाऊक नाही.

म्हणून आता आमचा अभिप्राय असा. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने कादंबरीने बोलावे, यात तिचे थोरपण आहे. परंतु तेवढ्यावर समाधान मानू नये. आपट्यांना यमुनेला मारावे लागले, तेव्हा लोकांच्या लक्षात आले. प्रत्यक्षातल्या पुष्कळ जणी मेल्या नाहीत; त्या पन्नास पन्नास वर्षे आपल्या माजघरात जगल्या, आणि कोणी विचारील म्हणून कदाचित थांबल्याही असतील. घरात जी सर्वांत वयोवृद्ध स्त्री असेल, तिच्याजवळ वाचकांनी या सुट्टीत वही घेऊन बसावे, ही विनंती. दोनच पाने नव्हे, पुरी वही न्यावी.

आम्ही प्रारंभ केला आहे. आमच्या थोरल्या वहिनी ठाण्यास असतात; वय ऐंशीच्या पुढे. गेल्या रविवारी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, माझे काय लिहायचे? जन्मभर स्वयंपाकच तर केला."

"मग स्वयंपाकापासूनच सांगा, वहिनी," आम्ही म्हटले.

त्या दिवशी चार पाने झाली. येत्या रविवारी पुन्हा जावयाचे आहे.